रव्याचा केक आणि बाथ: एका पानावरचे दोन केक

बेळगावच्या बऱ्याच मराठी घरांत एक जुनी वही असते आणि तिच्यात ‘रव्याचा केक’ असं एक पान असतं. आमच्या वहीतल्या पानाची अडचण अशी, की त्यावर केक दोन आहेत. वर दही, तूप, सोडा. खाली दुसऱ्या शाईत ‘नारळ १, अंडी ४, रात्रभर ठेवणे’. मधे रेघ नाही. आईला दोन्ही पाठ होते, त्यामुळे रेघ मारायची तिला गरज वाटली नसावी. आता त्या पानाचा फोटो पुण्या-बंगळूरच्या भाचरांच्या मोबाइलवर फिरतो आणि मग फोन येतो, “मावशी, दही आणि अंडी दोन्ही घालायचं काय? सोडा रात्रीच घालून ठेवायचा काय?”

दोन्ही घालायचं नाही, आणि सोडा रात्री तर मुळीच नाही. वरचा केक आपला घरचा, बिनअंड्याचा. खालचा गोव्याचा बाथ, म्हणजे तिकडचा अंडी-नारळाचा केक. रवा दोघांत आहे, रंगही जवळपास तोच, पण एक फुगतो दह्या-सोड्यावर आणि दुसरा उभा राहतो अंड्यांवर. हे ध्यानात ठेवलं की बाकीचं आपोआप जुळतं.

घरच्या केकाचं थोडक्यात सांगते, कारण तो सोपाच आहे. दोन वाट्या बारीक रवा (आपल्या दुकानांत चिरोटी रवा मागा), एक वाटी दही, एक वाटी साखर, अर्धी वाटी पातळ तूप, लागेल तसं दूध, वेलची. हे कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं. रवा दही-दूध पिऊन फुलतो. ही अर्ध्या तासाची घाई केली तर केक दाताखाली कचकच लागतो. सोडा अर्धा चमचा, तोही अगदी शेवटी. दह्यातलं आंबट आणि सोडा भेटले की वायू लगेच सुटायला लागतो. तो पिठातून निघून जायच्या आत भांडं आचेवर गेलं पाहिजे. म्हणून आधी केकपात्रात वाळू तापवायची आणि मगच सोड्याची डबी उघडायची. वाळू नसली तर कुकरमध्ये जाड मीठ पसरून, शिटी आणि रिंग काढून, मंद आचेवर पाऊण तास. आमच्याकडे तो वाढदिवसाला व्हायचा. औक्षण झाल्यावर पहिली वडी देवापुढे ठेवायची, म्हणून त्यात अंडं येण्याचा प्रश्नच नव्हता.

बाथ आमच्या वहीत आला तो कॅम्पातल्या, म्हणजे बेळगावच्या छावणी भागातल्या, मावशींकडून. त्या मूळच्या गोव्याच्या, यजमान लोंढ्याला रेल्वेत होते. बेळगावात अशी गोवेकर ख्रिस्ती कुटुंबं पूर्वीपासून आहेत. बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत 1953 साली झाला. आपली भाजी घाट उतरून गोव्यात जाते आणि तिकडचं खाणं घाट चढून इकडे येतं, हा व्यवहार जुना आहे. दिवाळीत आमच्याकडून मावशींकडे चकली-करंजीचं ताट जायचं. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून ते नाताळापर्यंत त्यांच्याकडेच राहायचं आणि मग कुलकुल, नेवऱ्या, दोदोल आणि बाथाच्या वड्या घेऊन यायचं. आजी बाथ खायची नाही. आम्हा मुलांना मात्र ती, “हात धुऊन मग देवघरात जा, झालं,” एवढंच सांगायची.

मावशींची रीत अशी: पाव किलो साखरेत थोडं पाणी घालून उकळी आणायची, त्यात एका नारळाचा चव घालून दोन-चार मिनिटं परतायचा. नारळ खवताना खालची तपकिरी पाठ येऊ द्यायची नाही, नाहीतर रंग मळकट होतो. मग सव्वाशे ग्रॅम लोणी आणि पाव किलो रवा घालून भांडं उतरवायचं, निववायचं आणि झाकून रात्रभर ठेवायचं. इथेच लोक वैतागतात: दुसऱ्या केकाचा रवा अर्ध्या तासात फुलतो, मग याला रात्र कशाला? कारण साखर. पाणी साखरही धरून ठेवते, त्यामुळे पाकातल्या रव्याला ते सावकाश मिळतं, शिवाय लोणी दाण्यांना वेढून बसलेलं असतं. संध्याकाळी सैल वाटणारं मिश्रण सकाळी इतकं घट्ट होतं की उलथनं त्यात उभं राहतं. अंडी तेव्हा फोडायची, रात्री नाही. चार अंडी फेसून हलक्या हाताने मिसळायची, वर मैद्याच्या पट्ट्यांची जाळी घालायची आणि 180 अंशांवर पाऊण ते एक तास. मावशींकडे काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन होता. त्या सांगायच्या, पूर्वी खाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवून भाजायचे, आणि वरची जाळी खरपूस व्हायची ती त्यानेच.

तयार झाला की नाही हे पाहण्याची पद्धत दोघांची एकच, विणायची सुई खुपसून. निकाल मात्र वेगळा वाचायचा. दह्याच्या केकातून सुई कोरडी आली पाहिजे. बाथातून आलेल्या सुईला नारळाचा ओलसर कीस चिकटलेला असणारच. ती कोरडी येईपर्यंत थांबलात तर कडा करपतात. कच्चं पीठ लागलेलं नसलं की बास.

कापायच्या वेळी तर दोघे अगदी उघडे पडतात. अंडं तापून घट्ट होतं आणि रवा-नारळाला बांधून ठेवतं, म्हणून बाथाच्या चौकोनी वड्या धारदार कडांनी सुटतात. दह्याच्या केकाला हा आधार नाही. तो गरम असताना सुरी लावली की भुगा होतो, आणि तो भुगा खायला मुलं ओट्याशी उभी असतात ते वेगळं. पूर्ण गार झाल्यावरच कापा. टिकण्याच्या बाबतीत ओला नारळ नसल्याने घरचा केक प्रवासाला बरा. बाथ दोन दिवसांत संपवा, उरला तर फ्रिजमध्ये. मला स्वतःला बाथ दुसऱ्या दिवशी जास्त आवडतो, साखर आणि नारळ तोवर मुरलेले असतात.

गोड म्हटलं की बाहेरचे लोक बेळगावचा कुंदाच विचारतात, ते ठीकच आहे. या दोन केकांचं कुणी विचारत नाही. घरातली पोरं मात्र विचारतात आणि त्यांचा हल्लीचा प्रश्न असतो, बिनअंड्याचा बाथ होतो काय? नारळ घातलेला रव्याचा केक होतो. वरच्या अर्ध्या पानाचं माप घ्या, त्यात अर्ध्या नारळाचा चव घाला. अख्खा घालू नका, तो भार पेलायला अंडी नाहीत आणि केक मधे बसतो. रात्रभर ठेवायची गरज नाही, तासभर पुरे, सोडा शेवटीच. चवीला चांगला लागतो. फक्त त्याला बाथ म्हणून कॅम्पात नेऊ नका.