दवाखान्यात आहे, पण पेशंट तपासत नाही

लातूरकडच्या लग्नात हे संभाषण हमखास कानावर पडतं. "पोरगं काय करायलंय अमेरिकेत?" "दवाखान्यातच हाय की." विचारणारा तिथेच थांबतो, सांगणाराही. पोरगं एमबीबीएस झालेलं आणि दवाखान्यात नोकरीला, दोन्ही खरं. तिथला परवाना नसल्याने ते पेशंट तपासत नाही, कागदपत्रांचं काम करतं, एवढंच सांगायचं राहतं. मला यात लबाडी वाटत नाही. त्या कामाला आपल्याकडे नावच नाही, तर सांगायचं काय?

निजामाच्या काळात डॉक्टरकी शिकायची तर मराठवाड्यातल्या मुलाला हैदराबाद गाठावं लागे. औरंगाबादला 'घाटी', म्हणजे तिथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, सुरू झालं १९५६ मध्ये. योगायोग असा, की परदेशी पदवीधरांना पारखून घेणारी ईसीएफएमजी ही संस्था अमेरिकेत त्याच वर्षी उभी राहिली. तरी पुढची वीस वर्षं चाळणीची भोकं मोठी होती. १९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा सैल केला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला तर माणसं हवीच होती. तिथे भारतीय पदवीवर थेट नोंदणी मिळे.

मग दोन वर्षांत दोन्हीकडे कडी लागली. १९७५ मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची थेट मान्यता काढली आणि परीक्षा लावली. आजची 'प्लॅब' ही तिचीच पुढची आवृत्ती. १९७६ मध्ये अमेरिकी संसदेने कायद्यातच लिहून टाकलं, की देशात आता डॉक्टरांचा तुटवडा नाही. अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा नुकतं कुठे सुरू झालं होतं. म्हणजे आपल्याकडे डॉक्टर घडायला लागले आणि तिकडे दार अरुंद झालं. आजही अमेरिकेत यूएसएमएलई या परवाना परीक्षेच्या पायऱ्या चढूनही रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची, जागा मिळाली नाही, तर स्वतंत्र प्रॅक्टिस नाही. इथे दहा वर्षं ओपीडी चालवलेली असली तरी साधारण हाच नियम.

या अडकलेल्या माणसांसाठी कुणी मुद्दाम पर्यायी करिअर काढलं नाही. ती कामं वेगळ्याच कारणांनी जन्माला आली. सगळ्यात नवलाचं कारण बिलाचं आहे. १९८३ पासून अमेरिकेतली मेडिकेअर ही वृद्धांची सरकारी विमा योजना हॉस्पिटलला झालेल्या खर्चाप्रमाणे नाही, तर निदानाच्या गटाप्रमाणे ठरावीक रक्कम देऊ लागली. त्यामुळे डॉक्टरने केसपेपरवर काय शब्द लिहिला, याला पैशाची किंमत आली. समजा पेशंटचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, दोन दिवसांत ०.९ वरून २.१ वर गेलं, सलाईन लावलं, रोज लघवी मोजली, आणि कागदावर मात्र फक्त 'डिहायड्रेशन' लिहिलंय. मूत्रपिंडाला झालेली इजा शब्दात कुठेच नाही. बिलासाठी निदानाला कोड देणारा, म्हणजे कोडिंग करणारा, स्वतःहून निदान लावू शकत नाही. मग क्लिनिकल डॉक्युमेंटेशन स्पेशालिस्ट म्हणून बसलेला माणूस डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवतो. त्यातही उत्तर तोंडात घालायचं नाही. आकडे मांडायचे आणि तुमचं मत काय, एवढंच विचारायचं. हे काम मुळात अनुभवी नर्सेसचं. पण रिपोर्ट वाचून आजार ओळखणारा आणि परवाना नसलेला डॉक्टर त्यात चपखल बसला. घाटीत वॉर्डात रात्र काढलेल्याला तो कागद पाहिल्या पाहिल्या बोलतो.

औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याचं काम १९६१ च्या थॅलिडोमाइड प्रकरणानंतर वाढलं; गरोदरपणी घेतलेल्या या औषधाने बाळं व्यंग घेऊन जन्मली होती. क्लिनिकल ट्रायल, सार्वजनिक आरोग्य, सोनोग्राफी हे आणखी रस्ते. सोनोग्राफीला तिकडे वेगळं शिक्षण लागतं, हे निघण्याआधी ठाऊक असलेलं बरं. डॉक्टरच्या हाताखाली पेशंट तपासणाऱ्या फिजिशियन असिस्टंट या पदाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सहायकांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू झाला. 'आपण तर डॉक्टरच, हे सहज मिळेल' असं म्हणत मुलं जातात. मिळत नाही. तिथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पहिल्यापासून करावा लागतो, फी भरून.

ब्रिटनमध्ये दार पुढेही उघडझाप करत राहिलं. एप्रिल २००६ मध्ये व्हिसाचे नियम अचानक बदलले आणि प्रशिक्षणाची वाट पाहत बसलेले भारतीय डॉक्टर अधांतरी राहिले. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, २००८ मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. तोवर कित्येकांनी बॅगा भरल्या होत्या.

आता वारं थोडं फिरतंय. २०२३ मध्ये टेनेसी राज्याने परदेशी डॉक्टरांना रेसिडेन्सी पुन्हा न करता तात्पुरता परवाना देण्याचा कायदा केला, आणखी काही राज्यं त्याच वाटेवर आहेत. पण त्यांचा रोख मायदेशी पीजी किंवा पुरेशी प्रॅक्टिस केलेल्यांवर आहे. नीटच्या धास्तीने पीजीचा नाद सोडून नुसत्या एमबीबीएसवर विमानात बसलेल्याला त्याचा फारसा उपयोग नाही. तो अजून केसपेपर वाचतोय, आणि घरचे "दवाखान्यातच हाय की" म्हणतायत.