जिन्याचं धुराडं होतं तेव्हा

वाळवा-शिराळ्याकडच्या गुऱ्हाळावर कधी उभे राहिला असाल, तर काहिलीखाली धडधडणारा चिपाडांचा जाळ पाहिला असेल. चुलाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालणारा माणूस मात्र गुदमरत नाही, कारण धूर मागच्या उंच धुराड्यातून निघून जातो. हवा तापली की फुगते आणि हलकी होते. ३०० अंश सेल्सिअसला तिची घनता नेहमीच्या जवळपास निम्मी उरते. असा हलका धूर वर चढतो आणि त्याच्या ओढीने चुलाणाच्या तोंडातून थंड हवा आत येते. धुराडं जितकं उंच, तितकी ओढ जोराची.

आता सांगलीत विश्रामबागेतली एखादी पाच मजली इमारत घ्या. खाली पार्किंग, जिन्याखाली विजेचे मीटर, त्यांना खेटून लावलेल्या दुचाकी. तिथे शॉर्टसर्किट झालं की चुलाण पेटलं, आणि जिना झाला त्याचं धुराडं. गुऱ्हाळाच्या धुराड्यात माणूस नसतो. इथे मात्र सगळी बिऱ्हाडं त्याच धुराड्यातून खाली पळणार असतात.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात असंच घडलं. आग तळमजल्यावरच्या पार्किंगपाशी, ट्रान्सफॉर्मरला लागली. माणसं मेली वर बाल्कनीत. ५९ जण गेले, त्यातले बहुतेक गुदमरून. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याही नव्हत्या.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यात सोफ्याचा नि गादीचा फोम जळला की हायड्रोजन सायनाइडही निघतो. माणूस पळायचं ठरवतो, पण पायातलं बळच गेलेलं असतं.

जिन्याचा माथा बंद असेल तर धूर छताला थडकून साचतो आणि थर जाड होत होत खाली उतरतो. वरच्या मजल्यावरच्यांना तो सर्वांत आधी गाठतो. म्हणून माथ्यावर धूर जायला वाट हवी आणि खालून ताजी हवा यायलाही. ‘हवा मिळाली तर आग भडकणार नाही का?’ असं मला नेहमी विचारतात. शंका रास्त आहे. जळत्या खोलीचं दार अवेळी उघडलं तर आग भडकतेच. पण ती खोली वेगळी आणि सुटकेचा जिना वेगळा. खोलीचं दार ओढून घ्यायचं, जिना धुरापासून मोकळा ठेवायचा.

उंच इमारतींत याच्या उलट बाजूने विचार करतात. पंख्याने जिन्यात हवा भरून तिथला दाब बाहेरपेक्षा सुमारे ५० पास्कल जास्त ठेवतात. हा दाब पाण्याच्या जेमतेम ५ मिलिमीटर थराएवढा. तेवढ्यानेही दाराच्या फटींतून हवा बाहेर वाहत राहते आणि धुराला आत शिरता येत नाही. दाब याहून फार वाढवला तर म्हाताऱ्या माणसाला दारच ढकलता येणार नाही. अर्थात हे दार विटेचा तुकडा लावून कायम उघडं ठेवलं, तर पंखा असून नसल्यासारखा.

आमच्या इमारतीत पावसाच्या झडीमुळे आणि कबुतरांमुळे जिन्याच्या माथ्यावरची सिमेंटची जाळी काच लावून बंद केली होती. त्या बैठकीत मीही हात वर केला होता, याची मला आज खंत वाटते. गेल्या वर्षी काच काढून तिरप्या पट्ट्या बसवल्या आणि आतून तारेची जाळी लावली. आता पाऊस येत नाही, कबुतरं येत नाहीत आणि धुराला वाट आहे. मीटर मात्र अजून जिन्याखालीच आहेत. ते हलवायचा खर्च पुढच्या बैठकीत मांडणार आहे.