रिंगच्या फटीत मोजलेली झीज

बाबांची 1997 सालची स्प्लेंडर निळा धूर सोडायला लागली, तेव्हा मिस्त्रींनी इंजिन दोन मिनिटं ऐकलं आणि सांगून टाकलं, “इंजिन संपलंय. एखादं वापरलेलं चांगलं इंजिन बघतो, तेच टाकू.” मी गाडी ढकलत घरी आणली. इंजिन संपतं म्हणजे त्यातलं नेमकं काय संपतं, हे मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

हे 97.2 सीसीचं इंजिन होंडाच्या 1958 सालच्या सुपर कबपासून चालत आलेल्या आडव्या सिलिंडरच्या घराण्यातलं. सिलिंडरचा व्यास 50 मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव 49.5 मिमी. मिनिटाला 5000 फेऱ्यांनी ते तासभर फिरलं, तर पिस्टन भिंतीला घासत जवळजवळ 30 किलोमीटर ये-जा करतो! तरीही भिंत वर्षानुवर्षं टिकते, कारण मध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. पिस्टनभोवतीची, एका जागी कापलेली धातूची रिंग वेगात सरकते तेव्हा तेल तिच्याखाली ओढलं जातं आणि तिला भिंतीपासून अलगद उचलून धरतं. पण स्ट्रोकच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो. वेग शून्य झाला की थर विरतो. हेडकडच्या, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाकडच्या टोकाला तर भर म्हणून जाळ असतो आणि वायूचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. म्हणून सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. हेडजवळच्या एका पट्ट्यात तो सर्वांत जास्त झिजतो.

इंजिन खोलण्याआधी धुराकडे नीट बघावं. उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा पिळल्यावर भपकन धूर आला, तर संशय वॉल्व्हच्या दांड्यावरचं तेल अडवणाऱ्या वॉल्व्ह सीलवर घ्यावा. बंद थ्रॉटलमुळे इनटेकमध्ये निर्वात तयार होतो आणि तेल वॉल्व्हच्या दांड्यावरून आत ओढलं जातं. चढावर जोर देताना सतत धूर येत असेल तर रिंग आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी. आमचा धूर चढावरचा होता.

हेड आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला भाग) उतरवल्यावर बोअरमध्ये नख फिरवलं, तर हेडच्या बाजूला बारीक कंगोरा लागला. त्यापुढे रिंग पोचतच नाही, म्हणून तिथे मूळ धातू शिल्लक असतो. आता झीज मोजायची. महागडं बोअर गेज नव्हतं, पण फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्या होत्या. एक रिंग बोअरमध्ये घातली, पिस्टनने ढकलून सरळ बसवली आणि तिच्या तोंडाची फट मोजली. क्रँककडे, म्हणजे हेडच्या विरुद्ध टोकाला 0.25 मिमी, हेडजवळ 0.60. फरक 0.35. परीघ हा व्यासाच्या 3.14 पट, त्यामुळे व्यासातली झीज 0.35 भागिले 3.14, म्हणजे साधारण 0.11 मिमी. शाळेतला पाय (π) इतका उपयोगी पडल्याचं मला दुसरं आठवत नाही. ‘संपलेल्या’ इंजिनात संपलं होतं ते एवढंच, केसाच्या जाडीइतकं बीड (ओतीव लोखंड).

पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढून पाहिला. बाजूला थोडा हलला, तेवढा हलायलाच हवा. पण उभ्या दिशेने अजिबात खेळ नव्हता, म्हणजे क्रँक ठणठणीत. क्रँक आणि गिअर दोन्ही गेले असते किंवा केसिंगला तडा असता, तर इंजिन बदलण्यात अर्थ होता. तेव्हाही मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरटीओत नोंद करून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. कागद नसलेलं इंजिन कितीही स्वस्त मिळालं, तरी घेऊ नये.

ब्लॉक लेथवाल्याकडे नेला, 0.25 मिमी ओव्हरसाइज, म्हणजे तेवढ्या मोठ्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घेतला. इथे नवा पिस्टन आधी हातात देणं महत्त्वाचं, कारण पिस्टन आणि भिंतीमधली फट त्या पिस्टनवरून ठरते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. फट कमी ठेवली तर तापलेला पिस्टन बोअरमध्ये जाम होतो. शेवटी होनिंग, म्हणजे भिंत दगडाने घासून घेणं. आरशासारखा गुळगुळीत बोअर चांगला, असं वाटतं, पण तसं नाही. होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांत तेल धरून राहतं आणि नव्या रिंगा त्या खरखरीत भिंतीवर घासून बसतात.

जोडणी एका दुपारची. पिस्टन पिनचं लॉक बसवण्याआधी केसिंगच्या तोंडात कापड कोंबलं, कारण ते इवलंसं लॉक आत पडलं तर अख्खं इंजिन खोलावं लागतं. एकदा ते निसटलंच, कापडावर पडलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. रिंगांची तोंडं एकमेकींपासून फिरवून ठेवली, क्रँकबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटवरची ‘टी’ खूण जुळवून टायमिंग चेन चढवली.

पाचव्या किकला गाडी सुरू झाली. पहिले 500 किलोमीटर थ्रॉटल पूर्ण पिळला नाही, पण एकाच वेगात रेंगाळूही दिली नाही. रिंगांना बसायला वायूचा दाब लागतो. मग तेल बदललं. बाटलीत उन्हाकडे धरून पाहिलं तर तेलात चंदेरी चकाकी होती, त्या घासून निघालेल्या रेघांची. पुढच्या वेळच्या तेलात ती शोधावी लागली.