मातीतल्या शिकारी जिवाणूंचा अवाढव्य जीनोम

मूठभर माती ओल्या फिल्टर पेपरवर पसरावी, तिच्यावर निर्जंतुक केलेल्या सशाच्या चार लेंड्या ठेवाव्यात आणि बशी झाकून उबदार जागी ठेवून द्यावी. आठवड्या-दोन आठवड्यांत भिंगातून पाहिले की लेंड्यांवर पिवळे, नारिंगी किंवा तपकिरी ठिपके उगवलेले दिसतात. मिक्सोबॅक्टेरिया, म्हणजे इतर जिवाणूंची शिकार करणारे किंवा कुजवण्यावर जगणारे हे जिवाणू, मातीतून वेगळे काढण्याची ही पद्धत जुनी असली तरी अजून वापरात आहे. यातला एकेक ठिपका मिलिमीटरहून लहान असतो आणि काही जातींत तर त्याला देठ, देठाला फांद्या आणि फांद्यांच्या टोकांशी बोंडे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बर्कली या ब्रिटिश कवकतज्ज्ञाने अशा जातींची गणना बुरशीत केली, यात नवल नाही. ही करणी जिवाणूंची आहे, हे हार्वर्ड विद्यापीठातील रोलंड थॅक्स्टर यांनी १८९२ मध्ये दाखवून दिले.

या ठिपक्यांना फलनकाय म्हणतात, आणि ते उपासमारीतून जन्माला येतात. सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्या मिक्सोकॉकस झँथस या जातीत अमिनो आम्ले संपत आली की पेशीच्या आत धोक्याचा रासायनिक इशारा तयार होतो. पेशी काही अमिनो आम्ले बाहेर सोडून आजूबाजूला पुरेशी भावंडे आहेत का याचा अंदाज घेतात आणि पुढे एकमेकींना प्रत्यक्ष भिडून दुसऱ्या संदेशाची देवाणघेवाण करतात. साधारण एक लाख पेशी एका जागी गोळा होऊन दिवसभरात ढीग रचतात. ढिगातल्या थोड्याच पेशी उष्णता आणि कोरडेपणा सोसणारे गोल बीजाणू होतात, बऱ्याचशा वाटेत फुटून मरतात, तर काही ढिगाबाहेर दांड्याच्या आकारातच राहतात. पुढे अन्न मिळाले की बीजाणू एकत्रच रुजतात, त्यामुळे नव्या पिढीची सुरुवातही जमावानेच होते.

जमावाची ही गरज शिकारीत कळते. मिक्सोकॉकसला पोहण्यासाठी कशाभिका (चाबकासारखे शेपूट) नसतात. केसासारखे तंतू पुढे फेकून ते आखडून घेत किंवा पृष्ठभागावर नुसते घसरत तो मिनिटाला जेमतेम काही मायक्रोमीटर सरकतो. भक्ष्य जिवाणूला भिडल्यावर स्पर्शानेच मारणारी यंत्रणा त्याच्या पेशीत असते, आणि जमावाने मिळून बाहेर सोडलेली विकरे (एन्झाइम) मेलेल्या पेशी विरघळवून सर्वांपुढे अन्न वाढतात.

या जीवनक्रमाचा हिशेब जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएमध्ये, सापडतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला मिक्सोकॉकस झँथसचा जीनोम सुमारे ९१ लाख बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) निघाला. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायच्या प्रयोगशाळेतील नेहमीच्या वाणाचा ४६ लाखांचा आहे. नुसता आकार मोठा असणे यात फारसे विशेष नाही. विशेष हे की या वंशात दीड हजारांहून अधिक जनुकांच्या जादा प्रती तयार झाल्या आणि त्या सरसकट नव्हे, तर मुख्यतः परिसरातले रेणू ओळखणाऱ्या, पेशींमध्ये संदेश पोचवणाऱ्या आणि इतर जनुकांचे नियंत्रण करणाऱ्या जनुकांच्या आहेत. माझ्या मते जीनोम फुगण्याचे कारण इथे शोधावे, कारण मुद्दा नव्या अवयवांचा नसून केव्हा काय करायचे याच्या निर्णयाचा आहे. अनॅरोमिक्सोबॅक्टर या जवळच्या, ऑक्सिजनशिवायही जगू शकणाऱ्या नातलगात फलनकाय दिसत नाहीत आणि त्याचा जीनोम ५० लाखांच्या घरात आहे.

दुसऱ्या टोकाला सोरँजियम सेल्युलोसम आहे. २००७ मध्ये वाचलेल्या त्याच्या एका वाणाचा जीनोम १ कोटी ३० लाख बेस-जोड्यांचा आणि २०१३ मधल्या दुसऱ्याचा १ कोटी ४७ लाखांचा भरला. पावाच्या यीस्टसारख्या केंद्रकधारी जीवाचा जीनोम १ कोटी २० लाखांचा असतो, हे लक्षात घेतले तर ‘साधा’ जिवाणू हा शब्द जपून वापरावा लागतो.

सोरँजियम हा शिकारीपेक्षा सेल्युलोज कुजवण्यावर जगणारा जिवाणू. पण त्याच्या जीनोममध्ये गुंतागुंतीची रसायने बनवणाऱ्या जनुकांचे लांबच लांब गट आहेत. (पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधातले जिओस्मिन मिक्सोबॅक्टेरियाही बनवतात, त्याचे श्रेय मात्र बहुधा मातीतल्याच स्ट्रेप्टोमायसिस या दुसऱ्या जिवाणूला एकट्याला मिळते.) जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे हान्स रायशेनबाख आणि गेऱ्हार्ड होफ्ले यांना झांबेझी नदीकाठच्या मातीतल्या सोरँजियममध्ये एपोथिलोन हे रसायन सापडले. प्रथम बुरशीनाशक म्हणून तपासलेले हे रसायन पेशीविभाजनातल्या सूक्ष्मनलिका गोठवून ठेवते, हे १९९५ मध्ये कळले, आणि त्यापासून बनवलेल्या इक्साबेपिलोनला २००७ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. सोरँजियम फारच सावकाश वाढत असल्याने संशोधकांनी एपोथिलोनचा जनुकगट झपाट्याने वाढणाऱ्या मिक्सोकॉकस झँथसमध्ये नेऊन बसवला, आणि तिथेही तो चालला.