डाय, रंग आणि पांढरी चाकं : पार्श्वभूमी

बेळगावात आरसी गाडीची, म्हणजे रिमोटवर पळवायच्या हौशी गाडीची, पांढरी चाकं फार दिवस पांढरी राहत नाहीत. खानापूरकडच्या तांबड्या मातीत दोन रविवार गाडी पळवली, की आऱ्यांच्या सांध्यांत जी लाली बसते ती साबणाने जात नाही आणि जुन्या दातब्रशनेही जात नाही. पावसाळ्यात तर विचारूच नका. त्यामुळे चाकं घरीच काळी, निळी किंवा गडद लाल करून टाकायची, हा विचार इथे बहुतेकांना पहिल्या वर्षातच सुचतो. सुचल्यावर पुढे जे घोटाळे होतात, त्यांचं मूळ बरंच मागे आहे.

चाकं मुळात पांढरी का येतात, तर नायलॉनचा अंगचा रंगच दुधी असतो. १९८० च्या दशकात मातीवरच्या शर्यतींच्या इलेक्ट्रिक गाड्या लोकप्रिय झाल्या, तेव्हा हलकी, न तुटणारी आणि आपटली तरी परत आकारावर येणारी चाकं हवी होती. नायलॉन त्यात बसलं. रंगद्रव्य न मिसळता ओतलं तर दुधी चाक मिळतं. ते अमेरिकेतल्या हौशी लोकांनी घरातल्या कपडे रंगवायच्या पुडीत बुडवलं आणि त्याने झकास रंग धरला. तिथून ही युक्ती जगभर गेली. आपल्याकडे ती आली तेव्हा कृती आली, पुडी मात्र आली नाही.

तिकडची ती घरगुती पुडी मिश्र असते. तिच्यात सुताला धरणारा रंगही असतो आणि रेशीम, लोकर, नायलॉन यांना धरणारा रंगही असतो. कोणतंही कापड टाका, त्यातला एक रंग कामी येतो. आपल्या बाजारात मिळणारी कपड्याच्या रंगाची पुडी बहुधा निव्वळ सुतासाठी असते. मी पहिली चार चाकं अशाच पुडीत, वर मूठभर मीठ घालून, पाऊण तास उकळली होती. बाहेर आली ती फिकट गुलाबी, तीही डागाडागांची. दुकानदाराने मला "सगळ्याला चालतो" असं सांगितलं होतं. त्याची चूक एवढीच, की त्याच्या लेखी सगळं म्हणजे सगळं सुती कापड.

मिठाचंही तसंच. सुताला रंग धरवताना मीठ उपयोगी पडतं, कारण ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. नायलॉनला लागतं आम्ल. आम्लाच्या पाण्यात नायलॉनच्या रेणूंच्या टोकांवर धन भार येतो, रेशीम-नायलॉनला धरणाऱ्या रंगाचा, म्हणजे ॲसिड कलरचा, रेणू ऋण भाराचा असतो, आणि दोघांची गाठ पडते. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचं काम एवढंच.

आता शब्दांचा गुंता. यावर जरा जास्त लिहितो, कारण माझ्या मते इथली निम्मी चाकं शब्दांमुळे वाया गेली.

मराठीत भिंतीला लावतात तो रंग, कापडाला चढवतात तो रंग, होळीला उधळतात तोही रंग. "चाकं रंगवायची आहेत" म्हटलं की दुकानदार स्प्रेचा डबा पुढे करतो, आणि ऐकणाऱ्याच्या दृष्टीने त्याचं चुकत नाही. कन्नडमध्ये विचारून सुटका होईल म्हणावं तर तिथेही तेच, बण्ण भिंतीचाही आणि कापडाचाही. मग लोक इंग्रजी शब्दाकडे वळतात आणि "डाय" म्हणतात. बेळगावात हा शब्द आणखी गोत्यात आणतो. उद्यमबागेत डाय म्हणजे साचा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोखंड ओतणारी आणि कातणारी माणसं आहेत, त्यांच्या कानाला डायचा दुसरा अर्थच नाही. "नायलॉनच्या चाकासाठी डाय मिळेल का?" असं मी एका ओळखीच्या कारखान्यात विचारलं, तर मालकांनी वही उघडली आणि शांतपणे विचारलं, "किती कॅव्हिटीचा? आणि नग किती काढणार?" त्यांनी खर्चाचा अंदाज सांगायला सुरुवात केली तेव्हा माझ्या लक्षात आलं. वाण्याकडे तोच शब्द वापरला तर केस काळे करायची पुडी मिळते. ती चाकावर वापरून पाहिलेलेही मला माहीत आहेत.

पुस्तकी मराठीत "रंजक" असा शब्द आहे, पण दुकानात तो कोणी बोलत नाही. मला वाटतं, नामाच्या मागे लागण्यापेक्षा क्रियापदं नीट वापरावीत. रंग लावणं वेगळं, रंग चढवणं वेगळं. लावलेला रंग वर बसतो. नायलॉन गुळगुळीत आणि लवचिक, त्यामुळे पहिल्याच दगडाला स्प्रेचा पापुद्रा निघतो. चढवलेला रंग आत मुरतो. चाक घासलं, खरवडलं तरी खाली तोच रंग दिसतो. दुकानात "कापडाला चढवायचा, रेशमाला चालणारा ॲसिड कलर" एवढं म्हटलं की काम होतं.

"रेशमाला चालणारा" हे शब्द मला वडगावात मिळाले. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत माग आहेत हे इथे कोणाला सांगायला नको. तिथे पूर्वी सूत-रेशमाच्या लडी रंगवणारे एक काका आहेत. त्यांच्यापुढे मी ती गुलाबी चाकं ठेवली. त्यांनी एक उचललं, नखाने कड खरवडली, उजेडाकडे धरलं. "सुताचा रंग घातलायस," म्हणाले. "हे रेशमागत आहे. आंबट पाणी लागतंय याला."

रसायनशास्त्र हेच सांगतं. रेशीम प्रथिनाचं आणि नायलॉन कारखान्यातलं, पण दोघांच्या रेणूंच्या साखळीतला सांधा एकाच जातीचा. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा तयार झालं आणि १९४० मध्ये त्याचे पायमोजे देशभर विक्रीला आले, तेही रेशमी पायमोज्यांची जागा घ्यायला. म्हणजे वडगावच्या काकांना अमेरिकेची कृती माहीत असण्याची गरजच नव्हती. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी असेल, तर दोन्ही सूत एका भट्टीत एका रंगाने निघत नाही, हे रंगाऱ्याला पहिल्या दिवशी कळतं. रंगारी, निराळी, नीलगार ही आडनावं या भागात अजून आहेत. निळीच्या पिंपांपासून ते १८५६ नंतर आलेल्या कृत्रिम रंगांपर्यंतचा सगळा प्रवास त्या घरांनी पाहिला आहे. आपण मात्र परदेशी व्हिडिओ पाहून मीठ घालत बसलो.

काकांशी माझा वाद झाला तो व्हिनेगर कधी घालायचं यावर. बहुतेक हौशी लोक सुरुवातीलाच घालतात. काकांचं म्हणणं, आधी चाक साध्या गरम पाण्यात भिजू दे, मग फडक्यातून गाळलेलं रंगाचं पाणी घाल, आणि आंबट शेवटी, तेही थोडं थोडं. आम्ल आधी असेल तर रंग जिथे आधी लागेल तिथेच झपकन धरतो आणि ढग उठतात. मी दोन्ही करून पाहिलं. काळ्या रंगात फरक कळत नाही, कारण सगळंच गडद होतं. निळ्यात आणि लालमध्ये मात्र काकांचं चाक एकसारखं निघालं, माझ्या चाकावर आऱ्यांच्या मुळाशी गडद पट्टे होते. तेव्हापासून मी शेवटीच घालतो.

उकळी फुटू द्यायची की नाही यावरही मतं आहेत. ८० ते ९० अंश पुरतं. शुद्ध नायलॉन उकळत्या पाण्यात वितळत नाही, पण तळाला टेकलेलं चाक वाकडं झालेलं मी पाहिलं आहे, आणि मग गाडी वेगात थरथरते. गरम पाण्याचा एक फायदा शर्यतवाले फार पूर्वीपासून घेतात. नायलॉन पाणी पितं, आणि पाणी प्यालेलं नायलॉन कोरड्यापेक्षा चिवट असतं. म्हणून रंग नको असला तरी काहीजण नवे भाग उकळून घेतात.

भांडं वेगळं ठेवावं आणि पुन्हा स्वयंपाकात वापरू नये, हे घरातल्या बायकांना सांगावं लागत नाही, आपल्यालाच सांगावं लागतं. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, व्हिनेगर त्याला खातं. स्टीलचं घ्या.

अलीकडच्या काही वर्षांत हा विषय एकदम वाढला, त्यामागे पैशाचं कारण आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. २०२१ च्या जानेवारीपासून खेळण्यांना भारतीय मानकाची खूणही सक्तीची झाली. देशी खेळणी बनवणाऱ्यांना आधार मिळावा म्हणून हे झालं आणि तो हेतू मला मान्य आहे. पण हौशी माणसाची गाडी महागली, निवड कमी झाली, आणि हातातली जुनी चाकं जपायची वेळ आली.

त्यातून दुसरा घोळ सुरू झाला. स्वस्तातल्या गाड्यांची पांढरी चाकंही लोक कढत पाण्यात टाकू लागले, आणि ती नायलॉनची नसतातच. चाकाच्या आतल्या बाजूला पीए (पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन), पीए६ किंवा पीए६६ अशी खूण असेल तर निश्चिंत राहा. खूण नसेल तर चाक पाण्यात टाका. तरंगलं तर ते बहुधा पॉलिप्रोपिलिन नावाचं प्लास्टिक, त्याला जन्मात रंग चढणार नाही. बुडालं म्हणून लगेच नायलॉन समजू नये, एबीएस नावाचं प्लास्टिकही बुडतं आणि उकळत्या पाण्यात मऊ पडतं. साच्यातून चाकाला चिकटून आलेल्या दांडीचा एक तुकडा अंगणात पकडीत धरून पेटवला तर नायलॉनला जळक्या केसांसारखा वास येतो, पॉलिप्रोपिलिनला मेणबत्तीचा. काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन रंग धरतं, पण ठिपकेदार. पांढरं रंगद्रव्य घालून मुद्दाम पांढरी केलेली चाकं गडद होत नाहीत, लालऐवजी गुलाबीवर थांबतात.

आता थ्रीडी प्रिंटरवर नायलॉनच्या भुकटीतून काढलेली चाकंही येऊ लागली आहेत. त्यांचा पृष्ठभाग खरबरीत असतो आणि रंग ती अधाशासारखी पितात, दहा मिनिटांत काळीभोर होतात. गेल्या महिन्यात असं एक चाक मी काकांना दाखवलं. त्यांनी पुन्हा नखाने कड खरवडली आणि आंबट आणखी कमी घाल म्हणून सांगितलं.