सत्र रंगवायच्या युक्त्या आल्या कुठून?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या कंपन्यांची वार्षिक परिषद असो वा व्हेंडर मीट, म्हणजे पुरवठादारांचा मेळावा, वेळापत्रक पहिल्या तासातच कोलमडतं. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, फेटे, सत्कार. एका सत्काराला फोटोसकट दोन मिनिटं धरली तरी दहा पाहुण्यांची वीस होतात, आणि ती वसूल होतात तांत्रिक वक्त्याच्या पंचेचाळीसमधून. तो आलेला असतो साठ स्लाइड घेऊन. मग घाई, आणि मागच्या रांगांत मोबाइल.

अध्यक्ष, वक्ता, आभार हा साचा व्याख्यानमालेचा. न्या. रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पण तिथं माणसं आपण होऊन येत. कंपनीत हजेरी लागते. त्याआधीपासूनच्या नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की नामगजर होतो, कीर्तनकाराला बुक्का आणि हार होतो, मगच आख्यान. म्हणजे श्रोत्यांचा आवाज रचनेतच धरलेला. व्याख्यानात तो उरला नाही.

श्रोत्यांना पुन्हा सामील करून घ्यायचे पुढं जे उपाय निघाले, त्यातले टिकलेले बहुतेक वक्त्याला वक्तृत्व शिकवणारे नव्हतेच. संयोजकानं वेळ, उजेड आणि बैठक आधीच बांधून टाकायची, एवढंच त्यात होतं.

१९४०च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमध्ये जे. डोनाल्ड फिलिप्स यांनी मोठ्या सभेसाठी ‘फिलिप्स ६६’ काढलं: सहा जण, सहा मिनिटं, एक प्रश्न. खुर्च्या पक्क्या असल्या तरी चालतं. पुढच्या रांगेतले तिघं मागं वळतात, मागचे तिघं जागेवरच. साठ माणसांचे दहा गट. सूचनेला एक मिनिट, चर्चेला सहा, प्रत्येक गटाला सांगायला एक, असं सतरा मिनिटांत आटोपतं. शंभराच्या पुढं मात्र गटांना बोलायला लावू नये, चिठ्ठ्या गोळा कराव्यात. प्रश्न मोघम असला की ही सहा मिनिटं गप्पांत जातात. ‘गुणवत्ता कशी वाढवावी?’ हा प्रश्न नव्हे. ‘रिजेक्शन सगळ्यात जास्त कोणत्या शिफ्टला होतं आणि का?’ हा प्रश्न.

उजेडाची गोष्ट वेगळी. ओव्हरहेड प्रोजेक्टरला दिवे घालवावे लागत नसत, वक्ता लोकांकडं तोंड करून पारदर्शक कागदावर लिहायचा. कोडॅकच्या ८० स्लाइडच्या कॅरोसेल या स्लाइड प्रोजेक्टरनं १९६०च्या दशकात खोली अंधारी केली. १९८७ साली आलेलं पॉवरपॉइंट सुरुवातीला असे पारदर्शक कागद छापण्यासाठीच होतं. थेट पडद्यावर दाखवायची सोय १९९२ च्या आवृत्तीत आली. सुरुवातीचे प्रोजेक्टर मंद, म्हणून दिवे बंद. आजचे प्रखर आहेत, दिवे घालवायची सवय तेवढी राहिली. तांबड्या-पांढऱ्याच्या जेवणानंतर अंधार केला तर दोष वक्त्याचा नाही. फक्त पडद्यावरचा दिवा बंद ठेवा, श्रोत्यांवरचे चालू.

२००३ साली टोकियोत अॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुविशारदांनी पेचाकुचा सुरू केलं: २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद, आपोआप पुढं सरकणाऱ्या. ६ मिनिटं ४० सेकंदांत माइक खाली. टेड या भाषणांच्या परिषदेची १८ मिनिटांची मर्यादा त्याच जातीची. आपल्याकडं पेचाकुचा चार पुरवठादारांच्या ओळखीला उत्तम, बिघाडाच्या विश्लेषणाला निरुपयोगी.

विश्लेषणाला हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात वापरलेली रीत जास्त लागू पडते. आधी प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा मत. फौंड्रीवाल्यांच्या सत्रात ब्लो होल (वायूमुळं आत पडलेली पोकळी) असलेलं, कापलेलं कास्टिंग म्हणजे ओतीव भाग हातोहात फिरवा. दोन किलोच्या आतलं आणि कडा घासलेलं असावं. मग विचारा: साच्याच्या वाळूत ओलावा जास्त, व्हेंट (वायू जायची वाट) बंद, की कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) कच्चा? लाल, पिवळं, हिरवं, तीन कार्डं एकाच वेळी वर. सगळे बरोबर असतील तर चर्चा नकोच, पुढं चला. जवळजवळ सगळेच चुकले तर आधी समजावून सांगा. मतं फाटली तरच शेजाऱ्यांना भिडवा, दोन-तीन मिनिटं पुरतात. कार्ड उचलताना लोक एकमेकांकडं बघत असतील, तर तीन आकडे मोजून एकदम वर करायला सांगा.

स्लायडो (२०१२), मेंटिमीटर ही मत आणि प्रश्न घेणारी अॅप म्हणजे हीच कल्पना मोबाइलवर. दोनशे फोन एका साध्या वायफाय राउटरवर बसत नाहीत, हा तिथला नेहमीचा घोळ. आणि पर्याय इंग्रजीत दिले की ऑपरेटर हात मागं घेतात. पण निनावी प्रश्नाचा फायदा खरा आहे. साहेब पहिल्या रांगेत असताना माइक मागून कोण उठणार? अॅप नसेल तर चहाच्या वेळी, सत्र सुरू व्हायच्या आधीच, बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या, दोघांनी त्या निवडून लावा. पहिला प्रश्न शॉप फ्लोअरचा घ्या आणि साहेबांना त्यांचा प्रश्न शेवटी विचारायची आधीच विनंती करून ठेवा.