गेम मास्टर

गेम मास्टर : टेबलाभोवती बसून, तोंडी बोलत खेळायच्या भूमिका-खेळात बाकीचे खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेतात आणि उरलेले सगळे जग एकजण सांभाळतो. सराईचा मालक, वाटेवरचे धुके, दाराआडचा राक्षस, अवेळी आलेला पाऊस, सगळे त्याच्याकडे. त्या एकाला गेम मास्टर, थोडक्यात जीएम म्हणतात. मराठीत ‘सूत्रधार’ हा शब्द जवळचा आहे, पण नाटकाच्या सूत्रधाराला शेवट ठाऊक असतो. गेम मास्टरला तो ठाऊक नसतो आणि नसावाही. खेळागणिक नाव बदलते : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये डंजन मास्टर, ‘ट्रॅव्हलर’मध्ये (१९७७) रेफरी, ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये (१९८१) कीपर, ‘व्हँपायर : द मास्करेड’मध्ये (१९९१) स्टोरीटेलर. पंच की कथाकार, हा जुना वाद या नावांतच दिसतो.

या कामाचे मूळ प्रशियाच्या सैन्यात आहे. लेफ्टनंट राइसविट्झ याने १८२४मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी सिद्ध केलेल्या ‘क्रीगस्पील’ या युद्धखेळात दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे देत. पंच नकाशावर ठोकळे हलवी, फासे टाकून हानी मोजी आणि सेनापतीला त्याच्या जागेवरून जेवढे दिसले असते तेवढेच सांगे. पुढे तक्ते आणि आकडेमोड यांचे ओझे झाले. तेव्हा १८७६मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ याने तक्ते बाजूला ठेवून निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवण्याचा मार्ग मांडला. नियम मोठा की विवेक, ही ओढाताण तिथून सुरू झाली आणि आजही प्रत्येक बैठकीत असते.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने १९६९मध्ये एक नेपोलियनकालीन लढाई मांडली आणि ब्राउनस्टाइन या काल्पनिक जर्मन गावातल्या भूमिकाही खेळाडूंना वाटल्या. कुणी महापौर, कुणी बँकर, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई राहिली बाजूला आणि माणसे कोपऱ्याकोपऱ्यात मसलती करू लागली. दोघांनी तर द्वंद्वयुद्ध पुकारले. नियमांत नसलेल्या या गोष्टींवर वेस्लीला जागच्या जागी निकाल द्यावे लागले. खेळ फसला असे त्याला वाटले, पण खेळाडूंनी पुन्हा खेळायचा हट्ट धरला. त्याच गोतावळ्यातल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ‘ब्लॅकमूर’ ही दीर्घ मोहीम, म्हणजे अनेक बैठकींत चालणारा सलग खेळ, चालवली. त्याने गॅरी गायगॅक्ससोबत केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४मध्ये हजार प्रतींच्या छपाईने बाजारात आला. त्या पहिल्या पुस्तिकांत हा माणूस रेफरीच होता. डंजन मास्टर हे नाव नंतर रुळले.

प्रत्यक्ष खेळ तीन पायऱ्यांवर चालतो : गेम मास्टर प्रसंग सांगतो, खेळाडू काय करणार ते सांगतो, गेम मास्टर परिणाम सांगतो. एक खेळाडू म्हणते, “मी दाराला कान लावते.” गेम मास्टर म्हणतो, “आत कुणीतरी सुरीला धार लावतंय. संथ, एका लयीत. आता ती लय थांबली. काय करतेस?” फासा पडलेला नाही, तरी टेबलावरचे सगळे पुढे सरकून बसले आहेत. इथे कौशल्य शब्दांच्या आतषबाजीत नाही. तिच्या कृतीमुळे तिला काहीतरी कळले आणि कळलेल्या गोष्टीवर आता तिलाच ठरवायचे आहे, यात ते आहे.

फासा केव्हा मागायचा, हे नवख्याला सगळ्यात अवघड जाते. हाताशी हवा तेवढा वेळ आहे, मागावर कुणी नाही, तर पेटीचे कुलूप उघडले असे सरळ सांगावे. अपयशाने काही बिघडणार असेल तरच फासा, आणि काय बिघडेल ते टाकण्याआधी सांगावे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या आजच्या नियमांत मध्यम अवघड कामाला १५ गाठावे लागतात. फाशाच्या आकड्यात पात्राच्या कौशल्याचे ५ मिळत असतील तर वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त हवे, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. अशी ‘मध्यम’ कामे एकापाठोपाठ तीन जमायला लावली, तर शक्यता १७ टक्क्यांच्या आत येते. हा हिशेब डोक्यात नसलेला गेम मास्टर नकळत खेळाडूंची कोंडी करतो.

तयारी प्रसंगाची करावी, कथानकाची नव्हे. गावात धान्य कुणी दडवले आहे, त्याला कशाची भीती आहे आणि कुणी अडवले नाही तर दहा दिवसांत काय होईल, एवढे एका पानात मावते. खेळाडूंनी कुठल्या दाराने आत शिरायचे हे लिहून ठेवले, की दुसरे दार निवडणाऱ्याला गेम मास्टर आडवा जाऊ लागतो. खेळाडू याला ‘रेलरोडिंग’ म्हणतात : रूळ आधीच टाकलेले, प्रवाशाने फक्त बसायचे. रहस्यकथेत प्रत्येक निष्कर्षाकडे नेणारे निदान तीन धागे पेरावेत. एकाच पत्रावर सगळे टांगले आणि ते पत्र सापडलेच नाही, तर संध्याकाळ तिथेच अडते.

गेम मास्टरने समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासा टाकून निकाल बदलावा का, यावर मतभेद आहेत. गायगॅक्सने १९७९च्या मार्गदर्शिकेत फाशावर मात करण्याचा अधिकार डंजन मास्टरला दिला होता. प्रस्तुत लेखकाला मात्र उघडा फासाच योग्य वाटतो. आपले पात्र मेले ते खरोखर मेले, आणि वाचले तेही खरोखर वाचले, असा भरवसा असेल तरच निवडीला वजन येते. व्हिन्सेंट आणि मेग्वी बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने (२०१०) हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. तिथे गेम मास्टर फासे टाकतच नाही. खेळाडू दोन फासे टाकून त्यांत पात्राचा गुण मिळवतो. १० किंवा जास्त आले तर पूर्ण यश, ७ ते ९ आले तर काहीतरी किंमत देऊन यश, ६ किंवा कमी आले तर डाव गेम मास्टरच्या हाती. गेम मास्टरने कसे वागावे, हेही त्यात सल्ला म्हणून नव्हे, नियम म्हणून लिहिले आहे.

मोहिमेआधी सगळ्यांनी बसून कोणते विषय नकोत ते ठरवण्याची पद्धत आता बऱ्यापैकी रूढ आहे. जॉन स्टाव्हरोपोलस यांचे ‘एक्स-कार्ड’ हे तिचे पूरक साधन : टेबलाच्या मध्यावर फुली काढलेले कार्ड ठेवतात. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग वगळायचा. कारण विचारायचे नाही, खेळ पुढे न्यायचा.

जेसन मॉर्निंगस्टारच्या ‘फियास्को’त (२००९) गेम मास्टरच नाही. प्रसंग मांडणे आणि त्याचा निकाल लावणे ही कामे टेबलावरचे सगळेजण पाळीपाळीने वाटून घेतात.